चूक झाली की वाजणारी घंटी

मित्रांनो, माझ्या डोक्यावर टपली मारली की मी ‘टिंग’ म्हणते. त्यापलीकडे मला एक अक्षर येत नाही. तरीही गेली सहा वर्षं मी लोकांना इंग्रजी शिकवते आहे, तेही साधंसुधं नाही, चांगलं वरच्या दर्जाचं! आता बोला!

मी आहे एक जुनी, पितळी, टेबलावर ठेवायची घंटी. शाळेची नव्हे, सायकलची नव्हे, दाराची तर मुळीच नव्हे. उलट्या वाटीसारखं माझं अंग, खाली काळी गोल बैठक आणि डोक्यावर एक इवलंसं बटण. दिसायला मी गोड आहे. हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं शिल्लक राहिलेलं नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेची चपटी चकती यंत्राखाली गेली, दाणकन दाबली गेली आणि वाटी होऊन बाहेर पडली. दुखलं का? दुखलं की! मग एका बाईने मला फडक्याने लख्ख पुसलं, कानाजवळ धरलं आणि वाजवलं. तिच्या डावीकडे एक पेटी होती, उजवीकडे एक. डावीकडच्या बसक्या आवाजाच्या घंट्या पुन्हा वितळायला जायच्या. मी उजवीकडे पडले. तेव्हा मला कोण गर्व झाला होता! आज वाटतं, त्या बाईचा कान त्या दिवशी जरा दुखत असता तर बरं झालं असतं.

पहिली अकरा वर्षं मी एका हॉटेलात होते. खोल्या देणाऱ्या माणसासमोर, गुळगुळीत फळीवर, अगदी मधोमध. लांबून आलेली माणसं बॅगा टेकवायची आणि मला वाजवायची. टिंग म्हटलं की आतून कुणीतरी धावत यायचं, “या, या, दमलात का?” म्हणायचं. लहान मुलं तर मला सोडायचीच नाहीत. टिंग टिंग टिंग! त्यांच्या आया ओरडायच्या आणि मॅनेजर म्हणायचा, “वाजवू द्या हो, तिला काही होत नाही.” मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस!

मग फळीवर एक चकचकीत पडदा आला. पाहुणे त्यावर बोट ठेवू लागले. मी एका खोक्यात गेले, खोल्यांच्या जुन्या किल्ल्यांबरोबर. खोकं जुन्या सामानाच्या दुकानात गेलं. तिथे तीन वर्षं माझ्यावर धूळ बसली आणि मला वाटलं, संपलं आपलं.

पण एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका माणसाने मला उचललं, एकदा वाजवलं आणि स्वतःशीच हसला. “हीच पाहिजे,” तो म्हणाला. तेच आमचे सर. इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेचा क्लास घेणारे. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल तर ही परीक्षा द्यावी लागते. वाचणं, लिहिणं, ऐकणं आणि बोलणं असे तिचे चार भाग, प्रत्येकाला नऊ गुण.

मला वाटलं, बढती झाली! हॉटेलातून थेट शिक्षणखात्यात!

चपलांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. एकवीस खुर्च्या, एक पांढरा फळा, आणि चारही भिंतींवर शब्दांच्या याद्या. रोज तीस नवे शब्द. शब्द पाठ करायचा, त्याच अर्थाची त्याची चार भावंडं पाठ करायची, आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून बोलताना तो वापरून दाखवायचा. काळाची सगळी रूपं, जर-तरची वाक्यं, सगळं बोलण्यात यायला हवं. पहिल्याच दिवशी सरांनी मला टेबलावर ठेवलं आणि नियम सांगितला.

“चूक झाली की वाजणार. सोपा शब्द वापरलात तरी वाजणार. ‘गुड’, ‘बॅड’, ‘नाइस’, ‘व्हेरी’ हे शब्द या खोलीत मेले. ही घंटी तुमची शत्रू नाही. चूक तुमची शत्रू आहे. कळलं?”

सगळे म्हणाले, “येस सर, व्हेरी गुड.”

टिंग! टिंग!

काय हशा पिकला! मीही मनातल्या मनात फुगले. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला दोनशे वेळा वाजायचे आणि मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. मी अशी मूर्ख होते.

मग सिस्टर आली.

ती इस्पितळात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, सरसुद्धा. सकाळची ड्युटी संपवून, केसांना औषधांचा वास घेऊन ती दुपारी अडीचच्या बॅचला यायची. तिच्या नवऱ्याला परदेशात वेल्डिंगचं काम मिळालं होतं. त्याच्या परवान्यावर एकच माणूस सोबत नेता येत होतं. त्यांनी मुलीला पाठवलं, म्हणजे तिची शाळा तिकडे वेळेत सुरू होईल. “सहा महिन्यांत येतेच मी,” असं सिस्टर मुलीला सांगून बसली होती. तिथल्या एका इस्पितळाने तिला नोकरीचं पत्रही दिलं होतं. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात सात गुण. बाकीच्या तीन भागांत तिला सात मिळाले होते. बोलण्यात दोन वेळा साडेसहा आले होते. या सगळ्यात दोन वर्षं गेली. मुलगी आठाची दहा वर्षांची झाली आणि पत्राची मुदत जूनअखेर संपत होती. म्हणजे हातात एकच परीक्षा.

“अर्धा गुण, सर,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “फक्त अर्धा गुण अडलाय हो.”

“अर्धा गुण मी तुम्हाला काढून देतो,” सर म्हणाले. “माझ्याकडे नाही, हिच्याकडे आहे.” आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सिस्टरने मेहनत किती केली म्हणून सांगू! तिने शब्दांच्या चिठ्ठ्या वॉर्डातल्या चादरींच्या कपाटात आतून चिकटवल्या. ती सांगायची, एक इंजेक्शन, एक शब्द. एका रुग्णाने तिला विचारलं, “सिस्टर, मंत्र म्हणताय का?” तर ती म्हणाली, “हो, तुम्हाला दुखू नये म्हणून.” वर्ग हसला, तीही हसली. तेव्हा तिचं हसू असं पटकन यायचं.

आमच्या वर्गात एक बेकरीवाला होता. त्याला परदेशात मामाच्या बेकरीत जायचं होतं. तोंडाचा फटकळ, पण मन लावून शिकणारा. सिस्टर उभी राहिली की तो हळूच म्हणायचा, “सिस्टर, हेल्मेट घाला, टिंग येतेय.”

एकदा सरांनी तिला विषय दिला, ‘तुम्ही विसरू शकत नाही अशी व्यक्ती’. परीक्षेत असंच असतं, कार्ड देतात आणि दोन मिनिटं बोलायला सांगतात. सिस्टर उठली आणि इंग्रजीत सांगू लागली. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

“अकरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे पोस्टमन होते. ते रोज मला विचारायचे, आज वार कोणता? त्यांना वाटायचं, रविवारी मुलगा येणार. तो कधीच आला नाही. शेवटच्या दिवशी बुधवार होता. त्यांनी विचारलं, मी रविवार सांगितला. ते व्हेरी हॅपी झाले...”

टिंग!

“‘व्हेरी हॅपी’?” सर म्हणाले. “सिस्टर, हा चौथीतल्या मुलाचा शब्द झाला. कालची यादी आठवा.”

तिने आठवला. लांबलचक होता.

टिंग! “उच्चार.”

तिने पुन्हा म्हटला. मग म्हणाली, “मी त्यांचा हात धरला. दुपारी ते गेले. ही डाइड.”

टिंग!

“डाइड?” सरांनी भिंतीकडे बोट केलं. “मरणासाठी चार उत्तम शब्द तिथे लावलेत. निवडा एखादा.”

सिस्टर भिंतीकडे बघत राहिली. तिचे डोळे ओळीवरून ओळीवर फिरत होते आणि शब्द काही सापडत नव्हता.

“सर, जरा थांबा,” बेकरीवाला म्हणाला. “म्हाताऱ्याला शब्द निवडू द्या, मग मरेल बिचारा.”

एकवीसही खुर्च्या हसून हलल्या. सरसुद्धा हसले. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला रडता येत नाही. पण माझ्या आतला लोलक त्या हशाने आपोआप थरथरला आणि बारीकसा आवाज आला. सरांना वाटलं आणखी एक चूक झाली. म्हणाले, “बघा, आता तर ही स्वतःहून वाजायला लागली!”

पुन्हा हशा.

दोन आठवड्यांनी सिस्टरने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. दोन मिनिटं, एकही टिंग नाही! सरांनी टाळ्या वाजवल्या. वाक्यं अशी चकाचक होती की काचेच्या कपाटात ठेवावीत. फक्त त्यात आता पोस्टमन नव्हता. ‘एक वयोवृद्ध व्यक्ती’ होती, आणि ती कुणाचीही कुणी नव्हती.

इथवर ठीक होतं असं मी म्हणणार नाही, पण याहून वाईट पुढे घडलं. क्लासमध्ये फोन आला तर तो स्पीकरवर घ्यायचा आणि इंग्रजीतच बोलायचं, हाही सरांचा नियम होता. त्यांना वाटायचं, खरा सराव तोच. आणि सिस्टरची मुलगी फोन करायची तो नेमका अडीच-तीनच्या सुमारास. तिकडे तेव्हा सकाळ असायची, शाळेची बस यायच्या आधीची दहा मिनिटं. मुलीला सगळे चिमी म्हणायचे.

“हॅलो ममा!” चिमीचं इंग्रजी घरंगळत यायचं, मधे खडा नाही की खाच नाही. वर्ग कान टवकारून ऐकायचा.

सिस्टर म्हणाली, “चिमी, तू नाश्ता केलास? काल तू खोकत होतीस...”

टिंग!

“ममा, हा कसला आवाज?”

“ती... घंटी आहे. मी चुकले की वाजते.”

पलीकडे चिमी खदखदून हसली. “पुन्हा वाजव ना! पुन्हा चूक ना, ममा!”

आता मला सांगा, दहा वर्षांच्या मुलीला काय कळतं? तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी सिस्टरने तोंड उघडलं आणि सरांचा हात माझ्यापर्यंत पोचायच्या आत फोनमधूनच आवाज आला, “टिंग!”

बेकरीवाला खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. “सर, तुमची नोकरी गेली! पोरगी तुमच्यापेक्षा फास्ट आहे!”

सिस्टरही हसली. मी टेबलावरच होते, म्हणून मला तिचा डावा हात दिसला. नखं तळव्यात रुतली होती.

त्यानंतर चिमी रोज टिंग करू लागली. घरून केलेल्या फोनवरही, असं सिस्टरच एकदा बेकरीवाल्याला सांगत होती. एक दिवस वर्गातच फोन आला. शाळेत पालकांची सभा होती, तिकडचे शिक्षक आईशी फोनवर बोलणार होते.

“किती वाजता करू मी फोन?” सिस्टरने उत्साहाने विचारलं.

“तू नको करू, ममा,” चिमी म्हणाली. “बाबा बोलेल. तू बोलताना मधेमधे थांबतेस. सगळ्यांना वाट बघावी लागते.”

एरवी बेकरीवाल्याच्या तोंडाला कुलूप नसतं. त्या दिवशी तो वहीत बघत राहिला.

“ओके,” सिस्टर म्हणाली. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वाजले नाही.

तुमच्या लक्षात आलं का, चिमी काय म्हणाली ते? ‘मधेमधे थांबतेस.’ एवढे हुशार सर, एवढ्या भिंतीभर याद्या, पण हे फक्त त्या मुलीला ऐकू आलं. सिस्टर आता प्रत्येक वाक्यानंतर थांबायची. अगदी किंचित. मान जराशी माझ्याकडे वळवायची. मी गप्प राहिले की पुढचं वाक्य. मला ते दिसत होतं. मी ओरडून सांगणार होते, पण ओरडायचं म्हणजे काय, टिंगच ना!

परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, “सिस्टर, चूक शून्य आहे तुमची. सात काय, आठ आणाल.” तिने वाकून मला एकदा रुमालाने पुसलं. इतक्या वर्षांत तेवढाच कुणी मायेने हात लावला असेल. इस्पितळात ती राजीनामा देऊनच आली होती. आठाची खात्री होती ना.

निकालाच्या दिवशी ती बॅच सुटल्यावर आली. खोलीत सर आणि मी. खुर्च्या रिकाम्या.

“सहा,” ती म्हणाली.

“सहा? साडेसहाचे सहा? कसं शक्य आहे? चुका केल्यात?”

“नाही सर. एकही नाही.”

“मग?”

“मी थांबत होते.”

“कशाला?”

ती बोलायला लागली ती एकदम शांतपणे, दुसऱ्याची हकिगत सांगावी तशी. “परीक्षा घेणाऱ्या बाईंनी कार्ड दिलं. सोपं होतं. मी पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. घंटी वाजते का बघायला. त्यांच्या टेबलावर काहीच नव्हतं, सर, नुसता कागद. मला कळेना, बरोबर होतं की चूक. म्हणून मी तेच वाक्य बदलून म्हटलं. पुन्हा थांबले. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्या हाताकडे बघतेय. दोन मिनिटांत मी चार वाक्यं बोलले. मग त्या थँक यू म्हणाल्या.”

मित्रांनो, हे असं आमच्याच क्लासात घडू शकतं. जगात कुणी असं चुकत नसेल. चूक न करता चुकलेली ती एकटीच असेल.

सर टेबलाजवळ आले. मला वाटलं, आता हे मला उचलून खिडकीबाहेर टाकणार. मी तयार होते, खरंच.

“म्हणजे घंटीशिवाय तुम्हाला अजून जमत नाही,” सर म्हणाले. “सराव कमी पडला.”

त्यांच्या आवाजात जराही विखार नव्हता. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

पत्राची मुदत संपली. तिकडच्या इस्पितळाने दुसरी नर्स घेतली, इकडच्या इस्पितळानेही दुसरी नर्स घेतली. चिमीला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, कारण तो फोन तिने या खोलीत केला नाही. सर स्वभावाने कंजूष नव्हते. ते म्हणाले, “सकाळी सातच्या बॅचला मला एक माणूस हवंय. तुम्हाला याद्या तोंडपाठ आहेत. पगार देईन, आणि तुमचा क्लास फुकट. पुढच्या वर्षी पुन्हा पत्र मिळेल, पुन्हा बसा परीक्षेला.”

अशी सिस्टर टेबलाच्या या बाजूला आली. माझ्या बाजूला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, हिला ठाऊक आहे टिंग कुठे लागतं ते. हिचा हात आपल्यावर पडणारच नाही. पहिल्याच सकाळी एक मुलगी उभी राहिली आणि सहाव्या शब्दाला अडखळली. सिस्टरचा हात असा आला की सरांचाही कधी आला नव्हता. टिंग! आणि पुन्हा. आणि पुन्हा. ती वाक्य संपायची वाटच बघत नाही. तिला चूक व्हायच्या आधीच ऐकू येते. बॅचमधली मुलं बाहेर जिन्यात म्हणतात, “बाई कडक आहेत, पण काय शिकवतात!” सर नव्या मुलांना एका नर्सची गोष्ट सांगतात, जी परीक्षेत घंटीची वाट बघत बसली. सगळे पोट धरून हसतात. ती नर्स कोण ते सर सांगत नाहीत. सिस्टर फळा पुसत असते.

तिचं पत्र पुढच्या वर्षी आलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. आता ती विचारतही नाही.

इतकं वाजून वाजून माझी स्प्रिंग गेल्या महिन्यात दमली. बटण दाबलं की नुसतं ‘ठक्’. सिस्टर रागाने दाबायची, मी ठक् करायचे. त्या आठवड्यात वर्गातली मुलं काय सुंदर बोलली! वाक्यांना शेपट्या फुटल्या. कुणी आपल्या कुत्र्याचं सांगितलं, कुणी आजोबांच्या चष्म्याचं. चुका ढीगभर होत्या, पण गोष्ट शेवटपर्यंत पोचत होती. मी गंजत होते आणि सुखात होते.

पण त्याच बॅचला एक घड्याळजी येतात. साठीला टेकलेले, घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. त्यांना मुलीकडे जाऊन राहायचंय. स्वभाव असा की मुंगीलाही वाट देतील. परवा ते उठले आणि म्हणाले, “बाई, ही घंटी आजारी आहे हो. दोन मिनिटं द्या मला.”

“काका, राहू द्या ना!” मागून तीन-चार जण एकदम म्हणाले. एकाने तर त्यांचा शर्ट ओढला.

“अरे, चांगली वस्तू अशी मरू द्यायची का?” त्यांनी खिशातून केसाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. मला उघडलं, गंज खरवडला, स्प्रिंग ताणून बसवली, सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला. इतकी हलकी बोटं! मला दुखू नये म्हणून ते श्वाससुद्धा रोखून धरत होते. मग त्यांनी बटण दाबलं. टिंग! कारखान्यातल्या पहिल्या दिवसासारखं, लख्ख.

घड्याळजींचा चेहरा उजळला. आपण काय केलं हे ते सिस्टरला इंग्रजीत सांगू लागले. मान उंच करून, हाताने खुणा करून. चार शब्द झाले.

सिस्टरने वर न बघता मला दाबलं.

घड्याळजी तोंड उघडं ठेवून उभे राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर होतं, मला दिसत होतं ते. त्यांनी ते गिळलं आणि तिच्या हाताकडे बघत खाली बसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागणं मागतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मी उलटं मागते. मी कुणाच्या टेबलावर दिसले तर मला जपू नका. कानाकोपऱ्यात टाका, पावसात विसरा, काहीही करा. आणि समोरचं माणूस बोलत असेल तर त्याला बोलू द्या. चुका कुठे पळून जात नाहीत, त्या नंतर सांगता येतात. माणूस मात्र जातं.

पण तुम्ही इथे नाही आणि सकाळी सातची बॅच भरलेली आहे, एकवीसच्या एकवीस खुर्च्या. सिस्टर पावणेसातला येते. ती आल्या आल्या मला एकदा वाजवून बघते. माझा आवाज आता अगदी सुरेख लागतो.